सुटे भाग महाग, अख्खी सायकल स्वस्त

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर गेलात, तर रॅले या इंग्लिश कंपनीची एक अख्खी जुनी सायकल पाहायला मिळेल, पण पाच जणांच्या मांडणीत वाटलेली. एका गोणपाटावर ब्रूक्सची चामडी सीट, तेल चोळून काळीभोर केलेली. पलीकडच्या चादरीवर ल्यूकसचा पुढचा दिवा. तिसऱ्याकडे घंटी, चौथ्याकडे बगळ्याचं चित्र असलेला हँडलखालचा पत्रा. आणि या सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकवलेली, चाकं काढून घेतलेली फ्रेम. तिची किंमत विचारली की विकणारा वर न बघता म्हणतो, "ती किलोवर."

हे सगळे भाग एकाच सायकलचे होते का? आता ते कुणालाच सांगता येणार नाही. माझं सगळं दुखणं इथेच आहे.

पंचवीसेक वर्षं मी जुन्या सायकली बघतोय, थोड्या दुरुस्त करतोय, त्याहून थोड्या जवळ बाळगतोय. या काळात जुन्या सायकलींना भाव आला, अशी सगळ्यांची समजूत झाली आहे. मोबाइलवर खरेदी-विक्रीच्या जाहिराती उघडल्या की काळी, गंजकी, साधी सायकलसुद्धा 'अँटिक' म्हणून विकायला ठेवलेली दिसते. पण भाव सायकलीला आलेलाच नाही. तो आला आहे तिच्या अंगावरच्या दागिन्यांना, आणि त्या दागिन्यांवर 'मेड इन इंग्लंड' कोरलेलं असेल तरच. हा बाजार असाच चालत राहिला तर आणखी वीस वर्षांनी आपल्याकडे सीटा, दिवे आणि घंट्या भरपूर असतील आणि सायकली नसतील. ज्या उरतील त्यांतल्या बहुतेक जुळवाजुळव करून, नव्या रंगाने झाकलेल्या असतील. कुणाची, कुठली, काय काम करणारी, हे काहीच न सांगणाऱ्या.

असं का होतं त्याचा हिशेब सरळ आहे. जुनी काळी सायकल म्हणजे साधारण २० किलो लोखंड आणि सहा फूट लांबी. ती सोलापूरहून ठाण्याला पाठवायची तर टेम्पो बघा, पॅकिंग करा, बिल्डिंगमध्ये ठेवायला जागा शोधा. सीट मात्र खोक्यात बसते आणि कुरिअरने तिसऱ्या दिवशी पोचते. शिवाय सीट घेणाऱ्याला सायकल हवी असतेच असं नाही. दिवा घेणारा तो कॅफेच्या भिंतीवर लावतो, घंटी घेणारा ती टेबलावर ठेवतो. एका सायकलीला एक गिऱ्हाईक मिळवण्यापेक्षा तिच्या दहा भागांना दहा गिऱ्हाइकं मिळवणं सोपं असतं. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला घर चालवायचं आहे आणि अख्ख्या सायकलीसाठी थांबायला त्याच्याकडे जागा नाही. पण घेणाऱ्याला, म्हणजे माझ्यासारख्या हौशी माणसाला, दोष नक्की द्यायला हवा. सायकल मोडण्याला पैसे आपण देतो.

सायकल मोडली म्हणजे नेमकं काय मोडलं, हे सांगायला हवं. जुनी सायकल वाचता येते. पायडलजवळचं दातेरी चाक बघा. रॅलेच्या चाकात बगळ्यांची डोकी कापलेली असतात, रज या दुसऱ्या इंग्लिश कंपनीच्या चाकात माणसाचा पंजा, हंबर या तिसरीच्या चाकात एकमेकांना जोडलेली पाच माणसं. हंबरच्या वरच्या मॉडेलांना पुढचा चिमटाही दुहेरी नळ्यांचा. तीन गिअरची सायकल असेल तर मागच्या चाकाच्या स्टर्मी-आर्चर हबच्या, म्हणजे मधल्या तुंब्याच्या, कवचावर वर्षाचा आणि महिन्याचा आकडा ठोकलेला सापडतो. फ्रेमवरचा नंबर, रिमची घडण, मडगार्डचं टोक, ब्रेकच्या दांड्यांची बसण, हे सगळं एकमेकांशी जुळलं तर सायकल कुठल्या दशकातली आणि कुठल्या कारखान्यातली ते सांगता येतं. एक जरी भाग दुसरीकडून आला तरी त्या वाचनात खोट येते. पाच भाग बाहेरून आले तर मग नुसता अंदाज.

यापेक्षा मोलाची खूण म्हणजे इथे भारतात, इथल्या गावात सायकलीवर चढलेली. आपल्याकडे सायकलीला कर होता. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत दरवर्षी बिल्ला देई. पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा, त्यावर गावाचं नाव, वर्ष आणि आकडा. बिल्ला नसला की चौकात अडवत, हवा सोडत. चेनकव्हरवर पेंटरकडून मालकाचं नाव लिहून घ्यायची पद्धत होती. भाड्याने सायकली देणारे दुकानदार मडगार्डवर दुकानाचं नाव आणि सायकलीचा क्रमांक घालत. मोटारीला नोंदणीचं पुस्तक असतं. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी आणि मोटारसायकलींसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले, त्यांना 'व्हीए' अक्षरांची खास पाटी दिली. सायकलीला असं काहीच नाही. तिचा जन्मदाखला, रहिवासी दाखला, सगळं त्या बिल्ल्यावर आणि त्या चेनकव्हरवर. आणि बिल्ले जमवणारी मंडळी वेगळी असल्यामुळे बिल्ला सायकलीवरून निघतो आणि अल्बममध्ये जातो. तिथे तो सुरक्षित राहतो, हे खरं. पण सायकल त्या क्षणी बेवारशी होते.

हे मी दुसऱ्यांना शिकवतो आहे असं कुणी समजू नये. माझे मामा कोरेगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांची रॅले माझ्याकडे आली तेव्हा मी तिशीत होतो आणि मला ती 'नव्यासारखी' करायची होती. वाळूचा मारा करून जुना रंग काढला, पावडर कोटिंग केलं, हँडल आणि रिमा चकाचक क्रोम करून आणल्या. सायकल घरी आली तेव्हा शेजारीपाजारी बघायला आले होते. मामा आले, त्यांनी चेनकव्हरवरून हात फिरवला आणि विचारलं, "नाव गेलं का रे?" त्यांचं आडनाव आणि खाली शाळेच्या गावाचं नाव एका पेंटरने पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मडगार्डवरच्या हाताने ओढलेल्या बारीक सोनेरी रेषा गेल्या. तांबूस झालेला बिल्ला कुठे गेला ते मला आठवतसुद्धा नाही. पुढच्या दांडीवर, मुलाला बसवायची लाकडी सीट कसलेली असायची तिथे रंग घासला गेला होता. त्या घासलेल्या जागेवर मी आणि माझी मामेभावंडं बसलेलो होतो. तीही जागा आता गुळगुळीत आणि काळी आहे. ती सायकल आजही माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे बघून कुणालाही कळणार नाही की ती पस्तीस वर्षं एका मास्तरांना घेऊन शाळेत जात होती.

आपल्याकडचे बहुतेक संग्राहक आजही हेच करतात, आणि बाजार त्यांना त्याबद्दल बक्षीस देतो. चकचकीत सायकलीचा फोटो चांगला येतो, ती लवकर विकली जाते. 'रिस्टोअर' हा शब्द आपण 'रंगवून घेणे' या अर्थाने वापरतो. खरं तर गंज थांबवायला थोडं तेल, मऊ फडकं आणि पुष्कळ धीर लागतो. चामड्याची सीट कोरडी पडू न देणं, कोन आणि छर्रे बदलणं, तारा ओढून चाकाचा आउट काढणं, एवढ्यावर बहुतेक सायकली धावू लागतात. रंगाला हात लावायची गरज क्वचित पडते.

आता थोडं बाहेर बघू. सायकली जमवण्याचा छंद आपल्याकडे उशिरा आला. ब्रिटनमध्ये व्हेटरन-सायकल क्लब १९५५ पासून आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कोपेक या गावी जुन्या सायकलींचा लिलाव दर वर्षी भरत आला आहे. या देशांतला बाजार बघितला तर एक गोष्ट ठळक दिसते. आधी जमवल्या गेल्या त्या १८७०-८० च्या दशकांतल्या उंच चाकाच्या सायकली. मग अमेरिकेत जाड टायरच्या, टाकीसारखा पत्रा लावलेल्या श्विन सायकलींची लाट आली. मग श्विनच्याच १९६३ च्या स्टिंग-रे या लांब सीटच्या पोरांच्या सायकली. त्यानंतर इटालियन आणि फ्रेंच शर्यतीच्या सायकली, आणि अलीकडे १९८० च्या दशकातल्या बीएमएक्स आणि सुरुवातीच्या माउंटन बाइक. प्रत्येक लाटेमागे एक पिढी आहे. माणूस बारा वर्षांचा असताना ज्या सायकलीकडे दुकानाच्या काचेतून बघत उभा राहिला, ती तो पन्नाशीत, हातात पैसा आल्यावर विकत घेतो. ती पिढी सत्तरीच्या पुढे गेली की तिचे संग्रह एकदम विक्रीला निघतात आणि घेणारा उरत नाही, कारण पुढच्या पिढीने काचेतून वेगळीच सायकल पाहिलेली असते. फार दुर्मीळ नमुने टिकून राहतात. मधल्या दर्जाचं सगळं खाली येतं.

या नियमाला मी एक मोठा अपवाद पाहतो. १९९७ साली इटलीत टस्कनीमधल्या गायोले या गावी लेरोइका नावाची सायकल-फेरी सुरू झाली. अट अशी की सायकल १९८७ किंवा त्याआधीची हवी, गिअरच्या कळा फ्रेमच्या खालच्या नळीवर हव्यात, ब्रेकच्या वायरी हँडलवरून उघड्या गेलेल्या हव्यात. रस्ते पांढऱ्या मातीचे. जुनी सायकल चालवायला एक जागा आणि एक दिवस मिळाला आणि त्या सायकलींची मागणी तरुणांतही तयार झाली. कारण त्या भिंतीवरून खाली उतरल्या. चालवण्याच्या वस्तूला गिऱ्हाईक मिळत राहतं, नुसत्या आठवणींचं गिऱ्हाईक माणसाबरोबर म्हातारं होतं.

आपल्याकडे इंग्लिश सायकलीवर जीव टाकणारी पिढी कोणती? ज्यांचे वडील-आजोबा रॅले, हर्क्युलस, बीएसए, फिलिप्स वापरत होते ती. म्हणजे आज पन्नाशी ते पंचाहत्तरीत असलेली. १९८० नंतर जन्मलेल्या मुलाने बारा वर्षांचा असताना कशाकडे पाहिलं? बीएसए एसएलआरकडे, हीरो रेंजरकडे, शेजारच्या काकांच्या अ‍ॅटलस गोल्डलाइनकडे. पुढची लाट यांचीच असणार, आणि याच सायकली आज कुणी ठेवत नाही. त्या 'देशी' आहेत म्हणून संग्राहकाला नकोत आणि जुन्या आहेत म्हणून मालकाला नकोत.

या 'देशी' शब्दात जो कमीपणा आहे त्याने माझं फार डोकं फिरतं. ज्या इंग्लंडचा शिक्का आपण शोधतो, तिथला कारखाना कधीच थांबला. रॅलेने १९५१ साली एका वर्षात दहा लाखांहून जास्त सायकली बनवल्या होत्या, आणि १९९९ साली नॉटिंगहॅममधलं फ्रेम बनवणं बंद केलं. तेव्हा 'मेड इन इंग्लंड' रॅले ही मुळात दुर्मीळ वस्तू नाही, ती लाखांनी निघालेली आहे. उलट मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९३९ च्या सुमारास, परदेशी सायकलींच्या तोंडावर, इथल्या कामगारांनी सायकल बनवायला घेतली. १९८० मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला, पुढे तो गेला, आणि वरळीत आज काचेचे मनोरे आहेत. हिंदची सायकल शेवटची कधी पाहिलीत? आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला, त्याचंही पुढे सरकारी महामंडळ झालं. आसनसोलची रॅले बाजारात आली की विकणारा तिच्यावरचा भारतीय मजकूर खरवडून ती इंग्लंडची म्हणून खपवायला बघतो. म्हणजे दोन्ही देशांचा पुरावा एकदम नष्ट. सोनीपतचा अ‍ॅटलस १९५१ चा. त्यांचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाला बंद पडला, तेव्हा बातम्या आल्या, लोक हळहळले. त्या हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या पार्किंगमधली अ‍ॅटलस पुसून ठेवली?

मराठी माणसाला तर या विषयात आस्था असायला खास कारण आहे. १८८८ साली किर्लोस्करांनी बेळगावात जो पहिला धंदा सुरू केला तो सायकलच्या दुकानाचा. लोखंडी नांगर त्यानंतर आला. आपल्या यंत्रउद्योगाची पहिली पायरी पायगाडी आहे. आणि १९२३ साली मुंबईच्या पारशी तरुणांनी सायकलवर जगाची वाट धरली. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये जग पुरं करून परत आले. सायकलीचा इतिहास आपल्याकडे उसना नाही.

मला सर्वांत जास्त काळजी मात्र वेगळ्याच सायकलींची वाटते. धार लावणाऱ्याची सायकल तुम्ही नीट पाहिली आहे का? तो ती उभ्या स्टँडवर चढवतो, मागच्या बाजूला बसून पायडल मारतो, आणि पट्ट्याने दांडीवर बसवलेला दगड फिरतो. एकच यंत्र वाहन आणि कारखाना दोन्ही. हे कुठल्याही इंग्लिश कॅटलॉगमध्ये नव्हतं. आपल्या एखाद्या मिस्त्रीने, लोहाराने ते जमवलं. गोव्यात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीमागची मोठी टोपली आणि हँडलला लावलेला भोंगा, मुंबईच्या डबेवाल्याची डब्यांच्या पिशव्यांनी लगडलेली सायकल, दूधवाल्याने किटल्या अडकवायला मागच्या बाजूने वाकवून जोडलेले आकडे, फुगेवाल्याचा उभा बांबू. प्रत्येक धंद्याने आपल्या सायकलीत बदल केले, चिमट्याला जोडपट्ट्या दिल्या, कॅरियर दुप्पट जाड केलं. संग्राहक अशी सायकल घेतलीच तर सगळ्यात आधी या जोडण्या कापून टाकतो, कारण त्याला ती 'मूळ' रूपात हवी असते. कोणतं मूळ? बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून निघाली ते, की चाळीस वर्षं ज्याच्या जोरावर एक घर चाललं ते? मला दुसरं रूप जास्त मूळ वाटतं. बाजारात त्याला शून्य किंमत आहे आणि पुढे ज्याला ही शहरं कशी जगत होती ते समजून घ्यायचं असेल, त्याला नेमकं तेच शोधावं लागेल.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, की हा श्रीमंतांचा नाद आहे. जिथे सायकलवाल्याला रस्ता ओलांडता येत नाही तिथे जुन्या सायकलींचं कौतुक कशाला? या आक्षेपात दम आहे. पुणे सायकलींचं शहर होतं, आज ते स्कूटरींचं आहे. २०१७ साली महापालिकेने सायकलींचा आराखडा मंजूर केला, भाड्याच्या रंगीत सायकली रस्त्यावर आल्या, आणि थोड्याच काळात त्यांचे सांगाडे नदीकाठी आणि फुटपाथवर पडलेले आपण पाहिले. पण मला वाटतं याचंच उत्तर जुन्या सायकलीत आहे. त्या रंगीत सायकली कुणाच्याच नव्हत्या. मोडली तर दुरुस्त करणारा कोपऱ्यावरचा माणूस त्यांना ठाऊक नव्हता. मास्तरांची रॅले पस्तीस वर्षं चालली कारण तिला मालक होता, मिस्त्री होता आणि तिचे भाग तालुक्याच्या गावी मिळत होते. हे तिन्ही कसं जमलं होतं, हे ज्या समाजाला आठवत नाही त्याने कितीही आराखडे केले तरी सायकली नदीकाठीच जाणार.

दुसरा आक्षेप असा की बाजार नसता तर या सायकली केव्हाच वितळल्या असत्या, तेव्हा संग्राहकांना बोलू नका. हे मला मान्य आहे. पुण्यातल्या कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. शंभराहून जास्त सायकली, पंप, दिवे, हत्यारं एका माणसाने हौसेपायी जमवली आणि २०१७ पासून लोकांसाठी खुली केली. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए तिथे बघता येते. तशा साठ-सत्तर हजार बनल्या होत्या, पण भारतात एक समोर बघायला मिळणं ही मोठी गोष्ट. कुठल्याही सरकारी खात्याने हे केलं नाही. संग्राहकावर माझा राग नाही. माझं म्हणणं इतकंच की त्याने पैसे कशाला द्यायचे ते बदलावं.

मिस्त्रींविषयी दोन शब्द बोललो नाही तर हा लेख अपुरा राहील, कारण सायकली संपण्याआधी मिस्त्री संपणार आहेत. दांड्यांचे ब्रेक सारखे पकडतील असे बसवणं, पायडलची दांडी जखडणारी कॉटरची खीळ ठोकताना ती दांडी वाकडी न होऊ देणं, वाकलेला चिमटा नजरेने सरळ करणं, हे पुस्तकात शिकवता येत नाही. माझ्या ओळखीच्या मिस्त्रींपैकी एकाचंही पोर या कामात नाही, आणि त्यांनी ते घालावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पंक्चरच्या पैशांवर आज घर चालत नाही. पण इथेच भारताकडे असं काही आहे जे इंग्लंडकडे उरलेलं नाही. लुधियानात अजून काळी दांडीची सायकल बनते. २८ इंची टायर, कॉटर, ब्रेकच्या दांड्या, पायडलच्या धुरीचे कप अजून नवे मिळतात. ब्रिटनमधल्या कुणाला आजोबांची दांडीच्या ब्रेकची सायकल रस्त्यावर आणायची असेल तर टायरसाठी तो बहुधा भारतीय मालच शोधतो. म्हणजे जी वस्तू तिकडे पुराणवस्तू झाली ती इकडे अजून जिवंत परंपरा आहे. जुन्या सायकली जगाच्या नकाशावर कुठे चांगल्या दुरुस्त होऊ शकतात, याचं उत्तर नॉटिंगहॅम नाही, लुधियाना आणि आपल्या पेठांमधली दुकानं आहे. संग्राहकांनी सीटवर जितके पैसे खर्च केले त्याचा चौथा हिस्सा जरी मिस्त्रीच्या मजुरीवर, त्याला योग्य वाटेल त्या दराने खर्च केला असता, तर त्यांतल्या काहींनी पोरांना हाताखाली घेतलं असतं. मी स्वतः अनेक वर्षं मजुरीत घासाघीस केली आहे आणि घंटीसाठी न कुरकुरता पैसे मोजले आहेत. ते आता बंद केलं.

पुढचा प्रश्न वारसांचा. साठ सायकली जमवलेल्या माणसाची मुलं बहुतेक परगावी, परदेशी. दोन खोल्यांच्या घरात एक सायकल उभी करायची पंचाईत, साठ कुठे ठेवणार? म्हणून तो माणूस गेला की महिनाभरात संग्रह फुटतो, आणि इतकी वर्षं ज्याने सायकली मोडू दिल्या नाहीत त्याच्याच सायकली आठवड्यात मोडतात. आपल्याकडे याचं एक चांगलं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी जमवली तेव्हा ती रोजची, क्षुल्लक वस्तू समजली जात होती. त्यांनी तो संग्रह मुलाच्या नावाने उभा केला आणि १९७५ साली राज्य सरकारच्या हवाली केला. आज अडकित्त्यावर बोलायचं तर कुणालाही त्या केळकर संग्रहालयात जावं लागतं. सायकलीसाठी असं काही व्हायचं असेल तर सुरुवात इमारतीपासून करायची गरज नाही. ब्रिटिश क्लबने जुने कॅटलॉग जमवून सभासदांसाठी ग्रंथालय केलं, त्यावरून सभासदाला आपल्या सायकलीचं वय काढता येतं. आपल्या नगर वाचनालयांत जुन्या मासिकांचे बांधीव अंक पडून आहेत, त्यांत सायकलींच्या जाहिराती आहेत. नगरपालिकांच्या दप्तरांत बिल्ल्यांच्या नोंदवह्या असतील, रद्दीत गेल्या नसतील तर. भाड्याच्या सायकलींच्या दुकानदारांकडे वह्या आहेत. यांचे फोटो घेऊन ठेवायला दोन उत्साही मुलं आणि एक मोबाइल पुरतो. हे काम बाजार कधीच करणार नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

कायद्याचंही बघायला हवं. १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२० च्या दशकात इथे आलेल्या सायकली आता शंभरीला पोचताहेत. मूर्तीच्या किंवा पोथीच्या बाबतीत आपण सावध असतो, सायकल पुराणवस्तू असू शकते हे मात्र कुणाच्या मनातही येत नाही. शिवाय पोलीस ठाण्यांच्या आवारात बेवारस सायकलींचे ढीग असतात, त्यांचा लिलाव वजनावर होतो. लिलावाआधी एक दिवस जाणकार माणसाला तिथे फिरू दिलं, तर सरकारचा एक रुपयाही जास्त खर्च होणार नाही.

आमच्या सोसायटीच्या फलकावर गेल्या आठवड्यात सूचना लागली आहे. पार्किंगमधल्या वापरात नसलेल्या सायकली पंधरा तारखेपर्यंत हलवाव्यात, नाहीतर भंगारात देण्यात येतील. मी काल संध्याकाळी टॉर्च घेऊन खाली गेलो. भिंतीकडेला अकरा सायकली आहेत. बऱ्याच मुलांच्या, दोन-तीन बिनकामाच्या. सातवी अ‍ॅटलस गोल्डलाइन आहे, हिरवट, टायर चिकटून गेलेले, सीट फाटलेली. चेनकव्हरवरची धूळ बोटाने पुसली तर पिवळ्या रंगात नाव निघालं, आणि खाली 'वाई'. त्या आडनावाचे एक आजोबा तिसऱ्या मजल्यावर राहतात. आज दुपारी त्यांच्याकडे जाणार आहे. सायकल मागायला नाही. वाईत कोणत्या साली घेतली, नाव कुणी लिहिलं, आणि मिस्त्री कोण होता, एवढं वहीत उतरवून घ्यायला. ठेवायला जागा हवी असेल तर माझ्या गाडीमागे सहा फूट मोकळी आहे.